साठ रुपयांची सांगली

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत आमचा थोरला नातू आपल्या तीन मित्रांबरोबर एका परक्या शहरी जाण्याचा बेत करीत होता. उतरावे कोठे, जेवावे कोठे, पाहावे काय व खर्च किती येईल, हे सर्व तो हातातील फोनवर ठरवीत होता. त्याच्या आजीने त्यास विचारले, "बरोबर कोण कोण आहेत?" त्याने तीन नावे सांगितली. "पुढचे काय?" आजीने पुन्हा विचारले. पुढचे म्हणजे आडनाव, हे वाचकांस सांगावयास नकोच. नातवाने आडनावेही सांगितली आणि तो पुन्हा फोनमध्ये डोके घालून बसला. त्या प्रश्नात काही विशेष आहे असे त्यास वाटलेच नाही. मी मात्र झोपाळ्यावर बसल्या जागी अस्वस्थ झालो. हाच प्रश्न मी पन्नास वर्षांपूर्वी सांगलीस एकदा ऐकला होता, आणि त्या वेळी जे करावयास हवे होते ते मी केले नव्हते. ती हकीकत आज सांगावयाची आहे. आणि तिच्या निमित्ताने सांगलीचीही.

गोष्ट १९७४ सालच्या मे महिन्यातील. साताऱ्यास मॅट्रिकची परीक्षा देऊन आम्ही चौघे निकालाची वाट पाहत होतो. मला संस्कृताचा नाद, म्हणून मित्रांनी माझे नाव 'शास्त्रीबुवा' ठेवले होते. दुसरा पेटीवर बोटे फिरवी व नाट्यगीते गाई; तो 'गवई'. तिसऱ्याच्या आजोबांचा काढ्याचाटणांचा व्यवसाय होता, व प्रवासात त्याच्या खिशात सुंठ व लवंग असल्यावाचून राहत नसे, तो 'वैद्य'. चौथा कोरेगाव तालुक्यातील एका खेड्याचा. तो वसतिगृहात राहून शिके, सुटीच्या दिवशी मजुरी करी, आणि गणितात आम्हां सर्वांच्या पुढे असे. पैशाचा व्यवहार त्याच्याच हाती असावा असे एकमताने ठरले, आणि तो आमचा 'हिशेबनीस' झाला. त्याने दोन दिडक्यांची एक लहानशी वही शिवून घेतली होती. तिच्या पहिल्या पानावर "जमा : रुपये साठ" असे लिहिले होते, कारण प्रत्येकाने घरून पंधरा-पंधरा रुपये मिळविले होते, व हिशेबनिसाने आपले पंधरा विहिरीच्या कामावर मिळविले होते.

सांगलीच का, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन. एक म्हणजे कृष्णा. साताऱ्याच्या पायथ्याशी माहुलीस वेण्णा कृष्णेस मिळते. त्या घाटावर आम्ही लहानाचे मोठे झालो. रामशास्त्री प्रभुण्यांचे ते गाव; तेथील विश्वेश्वराच्या पायऱ्यांवर बसले की पाणी कोठे जात असेल असा विचार मनात येई. भूगोलाच्या पुस्तकात उत्तर होते. पण पुस्तकातील पाणी आणि पाहिलेले पाणी यांत अंतर असते. शिवाय वडील माणसे अद्याप कधी कधी सांगलीस 'दक्षिण सातारा' म्हणत. १९४९ साली जुना सातारा जिल्हा दुभंगून दक्षिणेकडील भागास ते नाव मिळाले होते. १९६० साली त्याचा सांगली जिल्हा झाला. म्हणजे परके म्हणावे तर परके, आणि घरचे म्हणावे तर घरचे असे ते गाव. दुसरे कारण अधिक व्यवहारी होते. माझी आत्या सांगलीस गावभागात राही. राहण्याजेवण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला, असे आम्ही समजलो.

आगगाडीने जावयाचा विचार होता. परंतु त्याच महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला आणि सर्व भार एस.टी.वर पडला. पहाटे चारला स्टँडवर जाऊन उभे राहिलो तेव्हा कोठे सातच्या मोटारीत शिरावयास मिळाले. बसावयास मिळाले कऱ्हाडास. खिडकीतून कोयनेचा व कृष्णेचा संगम दिसेल म्हणून माना वाकड्या केल्या, पण दिसला तो समोरच्या गृहस्थांचा फेटा. पेठ नाक्यावरून मोटार वळली, आष्टे मागे पडले, आणि दोन्ही बाजूंस डोंगर नाहीसे झाले. साताऱ्याच्या मुलास ही मोठी विलक्षण गोष्ट वाटते. आमच्या गावात कोठेही उभे राहा, अजिंक्यतारा पाठीशी असतोच, आणि कोठेही जावयाचे तर चढ किंवा उतार ठरलेला. येथे जमीन तळहातासारखी सपाट, काळीभोर, आणि आकाश चारही बाजूंनी जमिनीस टेकलेले.

सांगलवाडी ओलांडून मोटार पुलावर आली, आणि आम्ही चौघेही उभे राहिलो. आयर्विन पूल तो. लॉर्ड आयर्विन हे व्हाइसरॉय असताना, १९२९ साली, संस्थानच्या काळात तो झाला. खाली आमचीच कृष्णा होती. पण माहुलीस खळाळत जाणारी ती मुलगी येथे पोक्त गृहिणीसारखी संथ झाली होती. वाटेत कोयना तिला मिळाली, ब्रह्मनाळास येरळा मिळाली. मे महिना असूनही पात्रात चांगले पाणी होते, आणि पुलाखाली पोरे पोहत होती. वैद्य म्हणाला, "ह्यातले थोडे पाणी माहुलीचे असेल." हिशेबनीस म्हणाला, "असेल, पण प्रमाण काढता येणार नाही."

आत्याचा वाडा गणपतीच्या देवळापासून फार दूर नव्हता. आत्याचे यजमान वारलेले, मुले नोकरीनिमित्त परगावी. भल्या मोठ्या वाड्यात ती व तिच्या एक वृद्ध जाऊबाई अशा दोघीच. आम्हांस पाहून तिला आनंद झाला. पाय धुवावयास पाणी दिले, गूळ दिला, पन्हे दिले. मग तिने एकेकाची विचारपूस केली. गवयाचे आडनाव ऐकून, "म्हणजे वाईच्या अमक्यांचे तुम्ही कोण?" असे विचारले, आणि दोन पिढ्या मागे जाऊन नाते लावून दिले. वैद्याच्या आजोबांचा काढा तिच्या सासऱ्यांनी घेतलेला निघाला. शेवटी तिने हिशेबनिसाकडे वळून विचारले, "आणि तुझे रे बाळा? पुढचे काय?" त्याने आडनाव सांगितले, गावही सांगितले. आत्या क्षणभर थांबली. "बरे, बरे. दमला असशील," एवढेच म्हणाली, आणि आत गेली.

रात्री माजघरात तीन पाट मांडले होते. चौथा बाहेर ओसरीवर होता.

आत्याची बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. ओसरीवरील पानात काहीही कमी नव्हते. भरली वांगी होती, आणि कृष्णाकाठच्या वांग्याची चव ज्याने घेतली आहे त्यास मी अधिक सांगत नाही; भातावर तूप आम्हांपेक्षा कदाचित जास्तच होते. "पोटभर जेव हो, लाजू नको," असे ती त्यास दोन वेळा म्हणाली, व ते मनापासून म्हणाली. ती जुन्या काळची होती. घटनेने अस्पृश्यता १९५० सालीच मोडली होती आणि १९५५ साली त्याविषयी कायदाही झाला होता. पण कायदा माजघरापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. परंतु मी तर जुन्या काळचा नव्हतो. मी त्याच्याबरोबर एका बाकावर बसत होतो, त्याच्या वहीवरून बीजगणित उतरवीत होतो. उपनिषदातील अतिथीविषयीचे वचन मला मुखोद्गत होते. मी खाली मान घालून जेवलो. गच्चीवर अंथरुणे पडली तेव्हा गवयास कोणी गा म्हटले नाही, आणि तोही आपण होऊन गायला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर स्नान करून आम्ही गाव पाहावयास निघालो. पैसे थोडे असले म्हणजे शहर पायांनीच पाहावे लागते, आणि पायांनी पाहिलेले शहर विसरत नाही. प्रथम गणपतीचे देऊळ. पटवर्धनांचे आराध्य दैवत गणपती. मिरजेच्या संस्थानातून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी सांगलीची गादी स्थापिली आणि कृष्णाकाठी हे काळ्या पाषाणाचे देवालय उभारले. येथून निघालो ते पेठेतून, कापडाच्या दुकानांवरून, मारुती चौकातून, कोणास तरी काही तरी विचारीत. ज्याच्या खिशात पैसे असतात त्यास विचारावे लागत नाही, तो टांगा करतो. आम्हांस क्षणोक्षणी विचारावे लागे. आणि सांगलीकर मनुष्य असा, की वाट विचारली तर वाट सांगून थांबत नाही, चार पावले बरोबर येतो व गावाचा इतिहासही सांगतो. गावाचे नाव सहा गल्ल्यांवरून पडले, हे आम्हांस त्या सकाळी तीन निरनिराळ्या गृहस्थांनी सांगितले.

बाजार समितीच्या आवारात हळदीची सौदे चालू होते. ते दृश्य मी अद्याप विसरलो नाही. हळकुंडांचे ढीगच्या ढीग पडलेले; व्यापारी एखादे हळकुंड उचलीत, कटकन मोडीत, आतील रंग पाहत, आणि पुढे जात. हमालांच्या भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या, घामाच्या ओघळांनी अंगावर पिवळ्या रेघा. एका हमालाने हसून वैद्याच्या कपाळास हळदीचे बोट लावले व, "आता लगीन होणार तुमचं," असे म्हटले. सांगलीची राजापुरी हळद देशभर जाते. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्हांस त्या वेळी एवढेच कळले, की आपल्या घरच्या डब्यातील चिमूटभर हळदीमागे एवढा मोठा व्यवहार आहे.

ऊन चढले तेव्हा नगर वाचनालयात शिरलो. गरीब प्रवाशाने हे ध्यानात ठेवावे : दुपारची विश्रांती वाचनालयात घ्यावी. सावली असते, पाणी असते, वृत्तपत्रे असतात, आणि कोणी उठवीत नाही. तेथे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ वाचीत बसले होते. गवयाने त्यांना नाटकाविषयी काही विचारले मात्र, त्यांनी चष्मा काढून ठेवला. कानडी मुलखातील भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला. तो पाहून आपल्या भाषेत असे काही व्हावे असे चिंतामणराव आप्पासाहेबांच्या मनात आले, व ते काम त्यांनी विष्णुदास भाव्यांवर सोपविले. पदे रचणे, मंडळी जमविणे, त्यांस शिकविणे, सर्व भाव्यांनीच केले; आणि १८४३ साली याच गावात 'सीतास्वयंवर' झाले. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या हे त्यांनीच आम्हांस सांगितले. खाडिलकर येथले, देवल शेजारच्या हरिपूरचे. "नाटक येथे जन्मले," ते गृहस्थ म्हणाले, "कारण येथे ऐकणारे लोक होते." त्यांनी आमच्यापैकी कोणाचेही नाव विचारले नाही. निघताना मात्र चौघांच्या हातांवर भडंगाची एकेक मूठ ठेवली.

दुपारी जेवावयास परतलो. पुन्हा तीन पाट आत, एक बाहेर. पाने मांडलेली, वाढणे व्हावयाचे होते. मी बसलो. गवई बसला. वैद्य उभाच राहिला. मग त्याने काही न बोलता आपले पान व पाट उचलला आणि ओसरीवर जाऊन हिशेबनिसाच्या शेजारी मांडला. गवयाने माझ्याकडे पाहिले, आणि तोही गेला. आत्या हातात वाढप घेऊन उंबऱ्याशी उभी होती. ती काही बोलली नाही. मी उठलो असतो तर तीन पावलांचा प्रश्न होता. आत्याला वाईट वाटेल, वडिलांस कळेल, असे काही तरी मनाशी म्हणत मी तेथेच बसून राहिलो. आत्याने ओसरीवर तिघांना वाढले व आत मला वाढले. त्या मोठ्या माजघरात मी एकटाच जेवलो. भिंतीवरील घड्याळाचा आवाज मला आजही आठवतो.

त्या संध्याकाळी नदीकाठी वैद्य मला एवढेच म्हणाला, "शास्त्रीबुवा, उद्यापासून खानावळ." मी होय म्हटले. रात्री आत्यास, "आम्ही उद्या मिरज पाहून हरिपुरास देवदर्शनास मुक्काम करणार," असे सांगितले. खरे कारण सांगितले नाही. म्हणजे भ्याडपणाच्या बेरजेत आणखी एकाची भर पडली. सकाळी निघताना आत्याने पडशीत घालावयास बेसनाचे लाडू दिले. चार पुड्या होत्या, वेगवेगळ्या बांधलेल्या, चारही सारख्या. त्या सारखेपणाचा अर्थ काय लावावा हे मला तेव्हा समजले नाही, आणि आता समजले असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

सांगलीहून मिरज तीन कोस. आज सांगली, मिरज व कुपवाड मिळून एकच महानगरपालिका आहे व रस्त्याच्या दोहो बाजूंस घरांची रांग तुटत नाही. तेव्हा मधे मोकळी राने होती. पैसे वाचविण्यासाठी जाताना पायी निघालो. विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय लागले, १९१९ सालचे. आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही. वालचंदच्या फाटकातून आतील इमारत दिसत होती. हिशेबनीस तेथे उभा राहिला तो हलेना. त्याने पहारेकऱ्यास विचारले, "येथे प्रवेशाला काय लागते?" पहारेकरी म्हणाला, "गुण लागतात, पोरा." हिशेबनिसाने खिशातून वही काढून काही तरी टिपले. आम्ही चेष्टा केली नाही.

मिरजेविषयी गवयास विचारावे. त्याने आम्हांस थेट वाद्ये करणाऱ्यांच्या गल्लीत नेले. येथील शिकलगार पूर्वी शस्त्रांस धार लावीत. राज्ये गेली, शस्त्रांचे काम संपले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे व सतारी करावयास घेतल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून वाळलेले भोपळे येतात. ते कापून, साफ करून, त्यांस लाकडाची तबकडी व दांडी जोडतात. एका दुकानात एक म्हातारे उस्ताद जवारी लावीत बसले होते : घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान देऊन ऐकायचे, पुन्हा कानस फिरवायची. "किती वेळ लागतो?" हिशेबनिसाने विचारले. "सूर सांगेल तेव्हा थांबायचं," ते म्हणाले, आणि जवळचा तयार तंबोरा त्याच्याच मांडीवर ठेवला. "छेड." त्याने भीतभीत चारी तारा छेडल्या. त्या लहानशा दुकानात तो नाद भरून राहिला, आणि हिशेबनिसाचा चेहरा असा झाला, की गवयानेही आपला हात मागे घेतला.

तेथून मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले, त्यांना मिरजेतच मूठमाती मिळाली. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ येथे गाणे होते व मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात. दर्ग्याच्या एका सेवकाने आणखी एक गोष्ट सांगितली : या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि तशी परंपराच आहे. हे ऐकताना मी हिशेबनिसाकडे पाहिले नाही. त्याने मात्र सेवकास विचारले, "पहिला? म्हणजे सगळ्यांच्या आधी?" "सगळ्यांच्या आधी," सेवक म्हणाला.

खानावळीत चौघे एका ओळीत जेवलो. त्या जेवणाचे पाच रुपये झाले. परत येताना मोटारीने आलो व सायंकाळी हरिपूरची वाट धरली. कृष्णा व वारणा यांचा तेथे संगम. घाटावर संगमेश्वराचे देऊळ. माहुलीच्या संगमावरून निघालेले पाणी या दुसऱ्या संगमावर पाहावयाचे, हाच आमचा मूळ संकल्प होता. दोन नद्या निरनिराळ्या रंगांच्या दिसत होत्या, आणि पुढे कोठे एक झाल्या ते सांगता येत नव्हते. ओवरीत पथाऱ्या टाकल्या. तेथे बसलेल्या एका वृद्धाने, "कुठले पाहुणे?" असे विचारले. "साताऱ्याचे," आम्ही म्हणालो. ते उत्तर चौघांसही पुरले.

हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव. जरठ वराशी बालिकेचे लग्न लावण्याच्या चालीवर त्यांनी 'संगीत शारदा' लिहिले; ते १८९९ साली रंगभूमीवर आले. बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला तो १९२९ साली, म्हणजे सांगलीचा पूल झाला त्याच वर्षी, आणि तो मांडणाऱ्यांचे आडनावही सारडा, हा एक योगायोगच. नाटकानंतर कायदा यावयास तीस वर्षे लागली. गवयाने घाटाच्या पायरीवर बसून 'शारदे'तील पदे म्हटली, एकामागून एक, पुष्कळ रात्रीपर्यंत. मी ऐकत होतो, आणि माझ्या मनात येत होते : त्या नाटकात अन्याय करणाऱ्यांपेक्षा तो मुकाट्याने पाहत बसलेले लोकच अधिक असतील, आणि मी त्यांच्यातला आहे.

साठ रुपयांचा जो हिशेब आम्ही मांडला होता तोच मुळी चुकला होता. आम्हां तिघांपाशी पंधरा रुपयांखेरीज आणखी एक ऐवज होता, तो वहीत जमा धरलेला नव्हता. आमची आडनावे आमच्या आधी सांगलीस पोहोचली होती. त्यांनी आमच्यासाठी पाट मांडून ठेवले होते. चौथ्याचे मात्र जे होते ते पंधरा रुपयेच होते, आणि तेही त्याने विहीर खणून मिळविलेले.

मी अंधारात म्हटले, "अरे, परवा माझे चुकले." बराच वेळ उत्तर आले नाही. मग हिशेबनीस म्हणाला, "शास्त्रीबुवा, खर्च वाढला. खानावळीचे पैसे धरलेच नव्हते. उद्या भाडे पुरायचे नाही." आणि तो कुशीवर वळला.

सकाळी त्याच वृद्धाने आम्हांस हळदीची पेवे दाखविली. जमिनीत खोल खड्डे. तोंड अरुंद, पोट मोठे, एखाद्या रांजणासारखे. त्यांत हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकतात. आत हवा राहत नाही, म्हणून कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडले तर लगेच आत उतरत नाहीत. तास न् तास तसेच ठेवतात, नाही तर आत उतरलेला मनुष्य गुदमरून मरतो. "बंद केलेलं टिकतं," तो म्हातारा म्हणाला, "पण त्यात माणूस राहू शकत नाही." तो हळदीविषयीच बोलत होता. २००५ सालच्या महापुरात यांतील बहुतेक पेवे पाण्याखाली गेली, आणि आता हळद गोदामांत राहते.

हिशेबनिसाचे म्हणणे खरे ठरले. परतीच्या मोटारीत पैसे मोजले तो चौघांची तिकिटे नागठाण्यापर्यंतचीच निघाली. बालगंधर्वांचे नागठाणे आले असे समजून गवयाने उतरताच त्या मातीस नमस्कार केला. ते नागठाणे हे नव्हे, ते सांगलीकडचे, आणि आपण ते मागे टाकून आलो, हे कळल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला. तेथून सातारा पाच-सहा कोस. रात्र पडली होती, हवा गार झाली होती. आत्याच्या लाडवांच्या पुड्या तेथे सोडल्या. हिशेबनिसाने आपली पुडी पाहिली, एक लाडू खाल्ला, आणि, "लाडू चांगला आहे," असे म्हणाला. भरतगाव गेले, शेंद्रे गेले, पहाटे अजिंक्यताऱ्याची आकृती समोर उभी राहिली. पाय सुजले होते. त्या वाटेवर आम्ही पुष्कळ हसलो. आणि माझ्या आठवणीत तो सर्व सहलीतील उत्तम भाग आहे.

घरी आल्यावर मी आत्यास पत्र लिहिले. त्यात मात्र खरे कारण लिहिले. महिनाभर उत्तर आले नाही. मग एक कार्ड आले. आंबे पाठवीत आहे, जाऊबाईंचे गुडघे दुखतात, पाऊस लांबला, असा मजकूर; आणि अगदी शेवटी, कडेला बारीक अक्षरांत, "तुझ्या त्या मित्राचा निकाल काय लागला ते कळव." त्याचा निकाल उत्तम लागला होता. मी कळविले. पुढे तो त्याच विश्रामबागेतील फाटकातून आत गेला व अभियंता झाला. मी मॅट्रिकवरच थांबून शिक्षक झालो.

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. २०१९ सालच्या ऑगस्टात कृष्णेने सांगलीस वेढा घातला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, गावभागात शिरले, आणि ज्या वाचनालयात आम्ही दुपार काढली होती तेथील ग्रंथ चिखलात भिजले. पूर ओसरल्यावर मी व हिशेबनीस दोघे तेथे गेलो. वाड्याच्या ओसरीच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. माजघराच्या भिंतीवरही तीच रेघ त्याच उंचीवर गेली होती. तो अभियंत्याच्या नजरेने दोन्ही रेघा पाहत होता. मी दुसऱ्या कारणाने पाहत होतो.

परतताना पुलाजवळ चहा घेतला. पैसे त्याने दिले, आणि सवयीने खिशातून एक लहान वही काढून त्यात टिपले. मी विचारले, "त्या सहलीची शिल्लक किती राहिली होती रे?"

"पस्तीस पैसे," तो तत्काळ म्हणाला. "चौघांत भाग जात नव्हता, म्हणून वाटायचे राहिले."

गवई त्याच्या आदल्या वर्षी वारला होता. हिशेबनिसाने थोडा वेळ नदीकडे पाहिले. "आता तिघांतही जात नाही," तो म्हणाला, आणि वही मिटून खिशात ठेवली.